तीन संगणक, एक दिवाळी अंक आणि फाइलींचे पाथ

गिरगावातल्या एका जुन्या वाचनालयाच्या दिवाळी अंकाची ई-आवृत्ती तयार करणारी स्क्रिप्ट (ठरलेली कामं ओळीने करणारा छोटा प्रोग्राम) विंडोज, मॅक आणि लिनक्स अशा तिन्हींवर चालती करायचं काम मी जुलै २०२५ मध्ये अंगावर घेतलं. ते संपलं थेट वसुबारसेच्या आसपास. सांगताना एका ओळीचं काम वाटतं. वेळ खाल्ला तो जवळजवळ सगळा एकाच गोष्टीने: अमुक फाइल कुठे आहे, म्हणजे तिचा पाथ काय, हे संगणकाला सांगणं. यातल्या निम्म्या अडचणी इंग्रजीत शोधल्या तर उत्तरांसकट सापडतात. मराठी नावांच्या फाइलींमुळे येणाऱ्या मात्र मला फारशा कुठे लिहिलेल्या दिसल्या नाहीत, म्हणून हे जरा सविस्तर.

छापील अंक छापखान्यात होतो, त्याच्याशी माझा संबंध नाही. आमच्याकडे ई-पब, म्हणजे ई-पुस्तकाची फाइल, आणि फोनवर वाचायची पीडीएफ. लेख वर्डमधून, मेलने, व्हॉट्सॲपवरून येतात. संपादक काका ते मार्कडाउनच्या साध्या फाइलींत उतरवतात, चित्रं विलेपार्ल्याची माझी मैत्रीण काढते, आणि मग स्क्रिप्ट पॅन्डॉक या रूपांतराच्या प्रोग्रामकडून ई-पब आणि झीलाटेक या पानं जुळवणाऱ्या प्रोग्रामकडून (लाटेकचाच एक प्रकार) पीडीएफ करून घेते. स्क्रिप्ट आधीच्या स्वयंसेवकाने बॅशमध्ये, म्हणजे लिनक्सच्या आज्ञांच्या भाषेत, लिहिलेली, त्याच्या उबुंटूच्या, म्हणजे लिनक्सच्याच, लॅपटॉपपुरती. तो नोकरीसाठी बंगळुरूला गेला आणि स्क्रिप्ट माझ्याकडे आली, कारण माझ्याकडेही उबुंटू. म्हणजे अंक फक्त माझ्या भांडुपच्या घरी, माझ्या सवडीने तयार होणार. काकांना ते पटलं नाही.

"रात्री अकराला एक ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं की मला पान तेव्हाच बघायचं असतं गं. तुला उठवू का?"

मागणी रास्त होती. त्यांच्यापुढे वाचनालयाचा विंडोज १०चा संगणक, मैत्रिणीकडे मॅकबुक.

जुलैच्या दुसऱ्या शनिवारी दादरला गाडी बदलून चर्नी रोडला उतरले आणि आधी तो संगणक बघून घेतला. ४ जीबी रॅम, टेबलावर पंचांग, आणि ॲडमिनचा पासवर्ड देखभालीचं कंत्राट असलेल्या गृहस्थांकडे. विंडोजच्या पोटात लिनक्स चालवणारं डब्ल्यूएसएल बसवावं आणि जुनी स्क्रिप्ट तशीच वापरावी, हा सोपा मार्ग तिथेच बंद झाला. त्याला ॲडमिन लागतो, बायॉसमध्ये शिरावं लागतं, आणि ४ जीबीत ते सुखाने चालणारही नव्हतं. मग विंडोजवर बॅश चालवणारं गिट बॅश करून पाहिलं. ते चालतं, पण त्याची एक खोड आहे. स्लॅशने सुरू होणारा शब्द दिसला की हा लिनक्सचा पाथ असणार असं समजून ते त्याच्यापुढे स्वतःच्या फोल्डरचा पाथ जोडतं आणि मग तो विंडोजच्या प्रोग्रामला देतं. आमच्या स्क्रिप्टमधलं '/चित्रे' पॅन्डॉकपर्यंत पोचेस्तोवर 'सी:/.../गिट/चित्रे' होत होतं. हे बंद करायला 'एमएसवायएस_नो_पाथकॉन्व्ह' हा एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल (प्रोग्रामला बाहेरून दिलेली सेटिंग) १ करतात. पण तसं केलं की ज्या पाथांचं रूपांतर खरंच हवं असतं तेही थांबतं. दोन्हीकडून मार. मी बॅश सोडून सगळं पायथन या तिन्हीकडे चालणाऱ्या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहायचं ठरवलं.

ज्यांच्याकडे ॲडमिनचा पासवर्ड नाही त्यांच्यासाठी: पायथन, पॅन्डॉक आणि मिकटेक (झीलाटेक ज्यात मिळतं तो संच) ही तिन्ही 'फक्त या वापरकर्त्यासाठी' म्हणून बसवता येतात, कोणाची परवानगी लागत नाही. रॅम मात्र वाढवली. लॅमिंग्टन रोडवर जुनी ४ जीबीची पट्टी ₹६०० ला मिळत होती, पण खजिनदारांना जीएसटीचं बिल हवं, म्हणून नवीन घेतली, ₹१,४००. बिलावर वाचनालयाचं नाव ट्रस्टच्या नोंदणीत आहे तसंच्या तसं पाहिजे, हे दुकानातूनच फोन करून विचारून घेतलं ते बरं झालं.

पुन्हा लिहिताना एक नियम पहिल्या दिवसापासून पाळला: पाथ म्हणजे मजकूर समजून जोडायचा नाही. पायथनमध्ये २०१४ पासून, म्हणजे ३.४ आवृत्तीपासून, पाथलिब आहे. त्यात पाथ ही वेगळी वस्तू असते, दोन तुकडे जोडायला भागाकाराचं चिन्ह वापरतात, आणि कुठल्या संगणकावर कुठला स्लॅश लावायचा ते पाथलिब बघतं. एकच सांभाळायचं: दुसरा तुकडा स्लॅशने सुरू झाला की पहिला तुकडा गळून पडतो, कारण स्लॅशने सुरू होणारा पाथ मुळापासूनचा धरला जातो. जुन्या स्क्रिप्टमध्ये '/चित्रे' असं जागोजागी होतं. ते सगळे सुरुवातीचे स्लॅश आधी काढले.

हे दोन स्लॅश आले कुठून, असं काकांनी विचारलं. त्यांना प्रत्येक गोष्टीची व्युत्पत्ती लागते. युनिक्समध्ये सत्तरच्या दशकापासून पुढे झुकलेला स्लॅश आहे. विंडोजचा पूर्वज असलेल्या १९८१च्या पहिल्या डॉसमध्ये फोल्डर हा प्रकारच नव्हता आणि तो स्लॅश आज्ञांचे पर्याय लिहायला वापरून झाला होता. १९८३ मध्ये डॉस २.० ने फोल्डर आणले तेव्हा तो मोकळा नव्हता, म्हणून मागे झुकलेला घेतला. गंमत म्हणजे विंडोजच्या आतल्या बहुतेक यंत्रणेला आज पुढे झुकलेलाही चालतो. हटून बसते ती काळी कमांडची खिडकी आणि काही जुने प्रोग्राम.

जुलैच्या अखेरीला काकांकडे पहिली चाचणी झाली आणि पहिल्याच ओळीला बंद पडली. अनुक्रमाची फाइल वाचताना पायथन म्हणाला, बाइट ८डी वाचता येत नाही. विंडोजवर पायथन फाइल उघडताना, सांगितलं नाही तर, संगणकाची जुनी कोडपेज, म्हणजे कुठला बाइट म्हणजे कुठलं अक्षर याचं कोष्टक, धरतो. आपल्याकडच्या इंग्रजी विंडोजवर ती १२५२ असते. आपल्या हलन्ताच्या चिन्हाचे यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड मजकूर साठवायच्या आजच्या नेहमीच्या पद्धतीत, तीन बाइट होतात आणि त्यातला शेवटचा ८डी. १२५२ मध्ये नेमकी ती जागा रिकामी आहे. म्हणजे पहिलं जोडाक्षर आलं की गाडी थांबली. जोडाक्षराच्या आधी ऱ्हस्व उकार, 'ए' किंवा 'झ' आला तर त्याच्यावरच, कारण त्यांचेही शेवटचे बाइट अशाच रिकाम्या जागांवर पडतात. फाइल उघडताना प्रत्येक ठिकाणी एन्कोडिंग यूटीएफ-८ असं लिहून टाकायचं, आणि 'पायथनयूटीएफ८' हा व्हेरिएबल १ करून ठेवायचा. हा पाथचा प्रश्न नव्हे, पण पाथ ज्या यादीत लिहिलेत ती यादीच वाचता आली नाही तर पुढचं सगळं खुंटतं.

त्यानंतर सेटिंगची फाइल. जुन्या पद्धतीत तीत अंकाच्या फोल्डरचा पूर्ण पाथ लिहायचा होता. काकांनी एक्सप्लोररच्या वरच्या पट्टीतून तो उचलून चिकटवला, 'सी:\यूजर्स\...' असा. ही सेटिंगची फाइल टॉमल नावाच्या लेखनपद्धतीतली, आणि तीत दुहेरी अवतरणात बॅकस्लॅशनंतर इंग्रजी मोठं यू आलं की पुढची आठ अक्षरं युनिकोडचा आकडा म्हणून वाचली जातात. बॅकस्लॅश आणि छोटं एन असेल तर नवी ओळ, छोटं टी असेल तर टॅब. एकेरी अवतरण वापरलं की हा प्रश्न सुटतो, पण रात्री अकराला अवतरणचिन्हं कोण मोजणार? मी पूर्ण पाथ लिहायची गरजच काढून टाकली. स्क्रिप्ट स्वतः कुठल्या फोल्डरमध्ये आहे ते बघते आणि बाकी सगळं तिथून मोजते. गिरगावात घर दाखवताना कोणी पिनकोडपासून सुरुवात करत नाही, नाक्यापासूनच सांगतात, तसं. याचा फायदा लगेच कळला. काकांचा डेस्कटॉप खरं तर वनड्राइव्हच्या आत होता आणि त्याचा खरा पाथ त्यांना काय, मलाही आधी ओळखता आला नव्हता.

पाथ स्वतःजवळ ठेवायचा तोवर पाथलिब पुरतं. तो दुसऱ्याच्या हाती देताना मात्र त्याची बोली बघावी लागते. मुखपृष्ठाचं पान स्क्रिप्ट स्वतः लाटेकमध्ये लिहिते, आणि लाटेकमध्ये बॅकस्लॅश म्हणजे आज्ञेची सुरुवात. विंडोजवर 'चित्रे\मुखपृष्ठ' असं लिहून गेलं की लाटेक 'मुखपृष्ठ' नावाची आज्ञा शोधत बसतो आणि अनोळखी आज्ञा म्हणून थांबतो. लाटेकला विंडोजवरसुद्धा पुढचाच स्लॅश लागतो. ई-पबचंही तेच. ई-पब म्हणजे आतून झिप फाइल, आणि झिपच्या नियमात आतल्या नावांना पुढचाच स्लॅश आहे. पॅन्डॉक ते बरोबर करतो. पण कविता-वाचनाच्या एमपी३ फाइली आमची स्क्रिप्ट नंतर आत घालते आणि त्यांची नावं ई-पबच्या यादीत स्वतः लिहिते. काकांच्या संगणकावर झालेल्या ई-पबमध्ये कविता दिसत होत्या, आवाज येत नव्हता. यादीत बॅकस्लॅश होते. दोन्हीकडे उपाय एकच: पाथ बाहेर लिहून देताना पाथलिबला 'ॲज_पॉझिक्स' म्हणायचं, मग तो पुढच्याच स्लॅशने लिहिला जातो. पुन्हा झिप करताना 'माइमटाइप' नावाची फाइल सर्वांत आधी आणि न दाबता (कॉम्प्रेस न करता) ठेवायची, नाहीतर ई-पबचेक हे तपासणीचं साधन नापास करतं. हे साधन फुकट आहे, जावावर चालतं, आणि त्याच्या तक्रारी मन लावून वाचण्यासारख्या असतात.

ऑगस्टमध्ये चित्रं यायला लागली आणि सगळ्यात चमत्कारिक प्रकार तेव्हा झाला. मैत्रिणीने झिप पाठवली. त्यात 'किनाऱ्यावर' नावाचं चित्र. लेखात त्याच नावाचा उल्लेख. तिच्या मॅकवर अंक झाला. माझ्याकडे आणि काकांकडे 'फाइल सापडत नाही'. मी लेखातलं नाव आणि फोल्डरमधलं नाव एकाखाली एक ठेवून बघितलं, काना-मात्रेचाही फरक नाही.

"अगं, मी नाव बदललेलं नाही," ती तीनदा म्हणाली, आणि ते खरंच होतं.

१८-१९ ऑगस्टच्या त्या पावसात ऑफिसचं काम घरूनच होतं. संध्याकाळी बसून दोन्ही नावांचे कोड छापले तेव्हा उलगडा झाला. आपला ऱ्या लिहिण्यातला 'ऱ' युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: एकच अक्षर, यू+०९३१, किंवा साधा 'र' आणि त्याखाली नुक्ता, यू+०९३० आणि यू+०९३सी. नियमानुसार दोन्ही एकच. मॅकच्या जुन्या फाइलव्यवस्थेत नावं नेहमी फोडलेल्या रूपातच साठवली जायची. २०१७ पासूनच्या एपीएफएसमध्ये दिलेलं रूप तसंच राहतं, पण शोधताना दोन्ही रूपं एकच धरली जातात. मॅकची काही साधनं नाव पुढे देताना आजही फोडून देतात. विंडोज आणि लिनक्स यांना मात्र ही दोन वेगळी नावं दिसतात. म्हणून तिच्याकडे सगळं आलबेल आणि आमच्याकडे ठणठणाट. 'दऱ्या', 'वाऱ्यावर', 'तऱ्हा', 'गोऱ्या' असं नाव असलेली प्रत्येक फाइल यात सापडली. ज्यांच्या नावात 'ऱ' नाही त्यांना काहीच झालं नाही. त्यामुळेच तर कारण लवकर सुचत नव्हतं.

पायथनच्या युनिकोडडेटामध्ये नॉर्मलाइझ आहे, त्याला एनएफसी, म्हणजे जोडलेलं रूप, सांगितलं की फोडलेला 'ऱ' जुळतो. इथे थांबता आलं असतं, पण काकांच्या जुन्या फाइलींत तिसराच प्रकार निघाला: 'र', हलन्त आणि मग न दिसणारा जोडक, म्हणजे झेडडब्ल्यूजे. जुन्या टंकनसाधनांची ही देणगी. दिसतो तसाच, पण एनएफसी त्याला हात लावत नाही. त्याच्यासाठी वेगळी ओळ लिहिली: हा क्रम दिसला की त्याजागी 'ऱ' आणि हलन्त. मराठी फाइलनावांवर काम करणाऱ्या प्रत्येकाने ही ओळ आपल्या स्क्रिप्टमध्ये आत्ताच घालून ठेवावी.

या टप्प्यावर कार्यकारिणीतल्या एकांनी सुचवलं, फाइलींना इंग्रजीत नावं द्या की, सगळे प्रश्न मिटतील. तांत्रिक मंडळींचाही हाच सल्ला असतो. मला तो मान्य नाही. काका सत्तरीचे आहेत, शेकडो फाइलींतून हवा तो लेख ते नावावरून शोधतात. 'आर्टिकल_१७_फायनल' मधून त्यांनी काय शोधावं? ज्याला रोज वापरायचं आहे त्याच्या भाषेत नावं राहावीत आणि कष्ट स्क्रिप्टने करावेत. म्हणून मूळ फाइली मराठीतच ठेवल्या. ई-पबच्या आत जाताना स्क्रिप्ट त्यांना साधी क्रमांकाची नावं देते, कारण ती आतली नावं कोणी वाचत नाही आणि वाचकांच्या फोनमध्ये कुठलं ॲप असेल ते आपल्या हातात नसतं.

नावं मराठी ठेवायची तर लांबीचं गणित समजून घ्यायला लागतं. काकांनी एका फाइलीला लेखाचं पूर्ण शीर्षक, उपशीर्षक, लेखिकेचं नाव आणि शेवटी 'सुधारित अंतिम' असं नाव दिलं. विंडोजवर नीट साठवलं गेलं. आमच्या फाइली आणि त्यांच्या आवृत्त्या गिट या साधनातून एकमेकांकडे जातात; माझ्या उबुंटूवर त्याने ती फाइल उतरवायलाच नकार दिला: नाव फार लांब. लिनक्सवर एका नावाला २५५ ची मर्यादा आहे आणि ती बाइटची आहे. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, काना-मात्रा-हलन्त धरून. म्हणजे जेमतेम ८५ चिन्हं. 'अनुक्रमणिका' हा डोळ्यांना सहा अक्षरांचा शब्द ११ चिन्हांचा आणि ३३ बाइटचा होतो. विंडोजही एका नावाला २५५ पर्यंतच देतं, पण ते बाइट मोजत नाही, चिन्हं मोजतं, म्हणून तिथे ते नाव आरामात मावलं. स्क्रिप्ट आता २०० बाइटच्या वरचं नाव दिसलं की मराठीत सांगते, "हे नाव लहान करा", आणि कुठलं ते दाखवते.

विंडोजची खरी अडचण दुसरीकडे आहे. तिथे पूर्ण पाथलाच जुनी २६० ची मर्यादा आहे, ड्राइव्हच्या अक्षरापासून शेवटच्या अदृश्य शून्यापर्यंत धरून. वनड्राइव्ह, डेस्कटॉप, 'दिवाळी अंक २०२५', 'ललित', 'आलेले', 'तपासलेले' असं फोल्डरात फोल्डर जात राहिलं की ती सहज गाठली जाते. विंडोज १०च्या १६०७ या, म्हणजे २०१६च्या आवृत्तीपासून रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या साठ्यात, 'लाँगपाथ्सएनेबल्ड' १ केलं की ज्या प्रोग्रामांची तयारी आहे त्यांच्यापुरती ती उठते. पायथनची तयारी आहे. गिटला वेगळं सांगावं लागतं, 'कोअर.लाँगपाथ्स' ट्रू. पण रजिस्ट्रीत बदल करायला ॲडमिन हवा.

इथून कागदोपत्री भाग सुरू झाला. कंत्राटदार म्हणाले, तोंडी सांगण्यावरून करणार नाही, लेटरहेडवर पत्र द्या. योग्यच आहे. पत्रावर सचिवांची सही लागते आणि सचिव फक्त गुरुवारी येतात. सही झाली तोवर गणपती आले, २७ ऑगस्टपासून अनंत चतुर्दशीपर्यंत गिरगावात कोणी संगणकाचं नाव काढणार नव्हतं, आणि मीही काढलं नाही. सप्टेंबरच्या मध्यावर गृहस्थ आले, ₹५०० भेटीचे घेतले, पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाले, "मॅडम, बाकी काय ते सांगा, पण रजिस्ट्रीला मी हात लावत नाही. उद्या काही बिघडलं तर नाव माझं." त्यांचंही काही चुकलं नाही. मी सगळा पसारा उचलून सी ड्राइव्हच्या मुळाशी 'अंक' या फोल्डरमध्ये आणला. वनड्राइव्ह आणि डेस्कटॉप ही लांबण गेली आणि पुढे एकदाही २६० गाठले नाहीत. तुमच्याकडेही ॲडमिनची वाट बघावी लागणार असेल तर आधी हे करून बघा. पत्र नंतरही देता येतं.

सप्टेंबरमध्ये रोजच्या चाचणीसाठी गिटहब ॲक्शन्स लावलं, म्हणजे प्रत्येक बदलानंतर तिन्ही प्रकारच्या संगणकांवर स्क्रिप्ट आपोआप चालून बघते. आमची रिपॉझिटरी, म्हणजे गिटमधला फाइलींचा साठा, खाजगी, कारण अप्रकाशित लेख त्यात असतात. खाजगीला तेव्हा महिन्याला २,००० मिनिटं फुकट होती, पण विंडोजचं एक मिनिट दोन धरत आणि मॅकचं दहा. म्हणून मॅकवरची चाचणी फक्त रविवारी ठेवली. एक रुपयाही गेला नाही.

तिथे घरच्या संगणकांवर कधी दिसल्या नसत्या अशा गोष्टी दिसल्या. त्या विंडोजवर तेव्हा आपलं काम डी ड्राइव्हवर होतं आणि तात्पुरतं फोल्डर सीवर. एका ड्राइव्हवरून दुसऱ्यावरचा सापेक्ष पाथ निघूच शकत नाही, पायथन सरळ एरर देतो. काकांकडे एकच ड्राइव्ह, पण पेनड्राइव्ह लावला की त्यांच्याकडेही हेच झालं असतं. तिथल्या तात्पुरत्या फोल्डरच्या पाथमध्ये वापरकर्त्याचं नाव 'रनर~१' असं जुन्या आठ अक्षरी पद्धतीने येतं, आणि मॅकवर 'व्हार' म्हणून दिलेलं फोल्डर खरं तर 'प्रायव्हेट/व्हार' असतं. दोन पाथ एकच आहेत का हे मजकूर ताडून बघायचं नाही, आधी दोन्हींना 'रिझॉल्व्ह' करायचं, म्हणजे त्यांचा खरा पूर्ण पाथ काढायचा. छोट्या-मोठ्या अक्षरांचा घोळही इथेच पकडला गेला. मैत्रीण एक्स्टेन्शन कधी मोठ्या इंग्रजी अक्षरांत देते, कधी छोट्या. तिच्या मॅकला आणि विंडोजला फरक पडत नाही, लिनक्सला पडतो.

लेखांचा क्रमही असाच. काकांच्या विंडोजवर फोल्डरमधल्या फाइली नावाच्या क्रमाने येत होत्या, माझ्याकडे कशाही. फोल्डर वाचताना क्रमाची हमी कुठेच नसते. क्रम लावून घ्यायची एक ओळ घालता आली असती. पण संपादकाने ठरवलेला क्रम वर्णमालेच्या हवाली कशाला करायचा? अनुक्रमाची वेगळी फाइल केली, त्यात काका जसं लिहितील तसं. तो बदल सगळ्यांनाच आवडला.

मग एके रात्री काकांचा फोन आला, "पीडीएफ शून्य बाइटची झाली आहे." जुनी स्क्रिप्ट तयार पीडीएफच्या नावात वेळ घालायची, '२१:३०' अशी, आणि ते मी तसंच चालू ठेवलं होतं. विंडोजवर नावात विसर्गचिन्हासारखी ही दोन टिंबं चालत नाहीत. आणि एनटीएफएस या विंडोजच्या नेहमीच्या फाइलव्यवस्थेवर तर ती चूक म्हणून अडवलीही जात नाहीत: टिंबांच्या आधीच्या नावाची रिकामी फाइल दिसते आणि खरा मजकूर तिला चिकटलेल्या एका लपलेल्या प्रवाहात जातो. पीडीएफ तिथेच होती, दिसत नव्हती. वेळ '२१-३०' अशी लिहिली की झालं. वेळ नावातून काढून मात्र टाकू नका. काकांच्या पीडीएफ वाचायच्या प्रोग्राममध्ये आधीची पीडीएफ उघडी असते आणि विंडोज उघड्या फाइलीवर लिहू देत नाही. दर वेळी नवं नाव असलं की ती भानगड राहत नाही.

बाकी किरकोळ. 'सीओएन' या तीन इंग्रजी अक्षरांचं चित्र विंडोजवर उतरेना, कारण डॉसच्या काळापासून ते नाव राखीव आहे. 'एयूएक्स', 'पीआरएन', 'एनयूएल' यांचंही तसंच. आणि रिपॉझिटरीत गिटअ‍ॅट्रिब्यूट्सची फाइल ठेवून ओळींचे शेवट एकसारखे केले.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात भुयारी मेट्रो कफ परेडपर्यंत सुरू झाली आणि मी दादरहून थेट गिरगाव स्थानकात उतरले. त्या दिवशी काकांनी माझ्यादेखत एक वेलांटी बदलली, स्क्रिप्टच्या आयकॉनवर दोनदा टिचकी मारली आणि पान बघितलं. पहिली प्रतिक्रिया, "फाँट जरा मोठा हवा." अंक १७ ऑक्टोबरला, वसुबारसेला, वाचकांकडे गेला. त्याच्या तीनच दिवस आधी, १४ ऑक्टोबरला, विंडोज १०चा सर्वसाधारण पाठिंबा संपला, त्यामुळे कार्यकारिणीत नव्या संगणकाचा विषय आता निघाला आहे. एकूण खर्च रॅम आणि ती एक भेट मिळून ₹१,९००, शिवाय माझं तिकीट.

स्क्रिप्टसोबत एक चाचणीचं फोल्डर कायमचं ठेवलं आहे. त्याचं नाव 'दऱ्याखोऱ्या (नवी प्रत) २'. त्यात मोकळ्या जागा आहेत, कंस आहेत, 'ऱ' आहे. आत दोन ओळींचा लेख, तिन्ही प्रकारच्या 'ऱ' ची तीन चित्रं, त्यांतल्या एकाचं एक्स्टेन्शन मोठ्या अक्षरांत, आणि २०० बाइटला टेकणारं एक लांबलचक नाव. कुठलाही बदल केला की स्क्रिप्ट आधी इथे चालवायची. नवा संगणक आला की त्यावर काय काय बसवायचं, कुठल्या आवृत्त्या, आणि पहिली चाचणी याच फोल्डरची घ्यायची, हे काकांच्या वहीत लिहून दिलं आहे. तुमच्याकडे असं फोल्डर नसेल तर ते आधी करा, स्क्रिप्ट नंतर लिहा.